दहा भोकांची डिस्क

(बाळांनो, जरा डोळे मिटा आणि माझ्याबरोबर चला. अर्जेंटिनातल्या उंच डोंगराच्या पायथ्याशी एक गाव आहे, असं समजा. थंडीचे दिवस, सकाळची वेळ. गावात मिर्ताबाईंचं मोटारीच्या सुट्या भागांचं दुकान. टेबलावर एक जड, गोल, काळीकुट्ट लोखंडी थाळी पडलेली आहे. ती आहे ओलिंदोंच्या जुन्या फोर्ड फाल्कन मोटारीच्या पुढच्या चाकाची ब्रेकची डिस्क. टेबलाच्या एका बाजूला बहात्तर वर्षांचे ओलिंदो, डोक्यावर फोर्डची निळी टोपी. दुसऱ्या बाजूला मिर्ताबाई, हातात गरम माते चहा भरलेला पोकळ भोपळा. आणि मधे स्टुलावर उभी अकरा वर्षांची लुदमिला, ओलिंदोंची नात. ती आजोबांना नोनो म्हणते, आणि दोन वर्षांपूर्वी वारलेल्या आजीला, नेलिदाला, नोना म्हणायची. वाद मघापासून चालला आहे. आता ऐका.)

मिर्ता: तिसऱ्यांदा सांगते, फाल्कनची अस्सल डिस्क माझ्याकडं नाही. मागवली तर यायला तीन आठवडे. तुमची शर्यत शनिवारी, आणि आज बुधवार.

ओलिंदो: मग हे काय आहे? खोक्यावर ठळक अक्षरांत लिहिलंय, ‘फाल्कनसाठी’. आत डिस्क आहे, आरशासारखी चमकते आहे. बांधून दे.

मिर्ता: ती शोभेची आहे, ओलिंदो. रविवारी संध्याकाळी काचा खाली करून चौकाला फेऱ्या मारतात ना ती पोरं? त्यांच्यासाठी ठेवलीय. चाकातून दिसायला छान.

लुदमिला: मला आवडली. सगळीकडं बारीक भोकं. चाळणीसारखी.

मिर्ता: चाळणीच आहे. रविवारी रवियोली उकडल्या की पाणी गाळायला घेऊन जा.

ओलिंदो: शर्यतीच्या गाड्यांच्या डिस्कला अशीच भोकं असतात. मी टीव्हीवर बघतो.

मिर्ता: असतात. आणि थोड्याच शर्यतींनंतर त्या काढून फेकतात. तुमच्या गाडीच्या शेवटच्या कधी बदलल्या?

ओलिंदो: ते मला काय विचारतेस! ब्रेक हे माझं काम नव्हतं.

लुदमिला: एंजिन नोनोचं, ब्रेक नोनाचे. नोना म्हणायची, हा पळवतो आणि मी थांबवते.

मिर्ता: म्हणून तर संसाराची गाडी अठ्ठेचाळीस वर्षं दरीत गेली नाही.

ओलिंदो: हसा, हसा. पण नेलिदाच्या ब्रेकनी मला एकदाही दगा दिला नाही. एकदाही! शर्यतीत माझ्या मागून येणाऱ्या त्या एर्मेसची शेव्हर्ले उतार संपेपर्यंत धुरानं भरून जायची, आणि माझी फाल्कन कशी? राणीसारखी थांबायची. का? तर फोर्डचं लोखंड! हे बघ, हे, या टेबलावर पडलेलं. याला म्हणतात लोखंड.

मिर्ता: हं. चहा घ्या.

ओलिंदो: ‘हं’ काय?

मिर्ता: हं म्हणजे हं. घ्या, निवतोय.

लुदमिला: मावशी, आईनं अट घातलीय. नव्या डिस्क बसल्या नाहीत तर मी शनिवारी घरी. आणि मी सगळा उतार पाठ केलाय! दोनशे मीटरवर डावं वळण, मग पाण्याचं टाकं, मग दोन उजवी, मग कॉन्डॉरचं वळण, तिथं तिसरा गिअर. मी नोनोच्या शेजारी बसणार, घड्याळ माझ्या हातात. आम्हाला पहिलं यायचं नाहीये, बरोबर सांगितलेल्या सेकंदाला यायचंय. ते जास्त अवघड असतं.

ओलिंदो: नेलिदाची जागा आहे ती. ती गेल्यापासून दोन वर्षं मी शर्यतीला गेलोच नाही. कुणाला बसवणार तिथं? मग या कारटीनं एक दिवस मला सगळी वळणं ओळीनं म्हणून दाखवली. जेवताना. तोंडात घास असताना.

मिर्ता: मग हिच्यासाठी तरी ऐका. ती खालच्या फळीवरची बघा. पिकअप ट्रकची आहे. जाड आहे, दोन थर आहेत, मधून वारा खेळतो. चाकाच्या बोल्टची पाच भोकं लेथवर नवीन पाडून घ्यायची की झालं. शुक्रवारी गाडी तयार.

ओलिंदो: कुणाच्या पिकअपची?

मिर्ता: पिकअप म्हणजे पिकअप.

ओलिंदो: मिर्ता.

मिर्ता: शेव्हर्लेची.

ओलिंदो: लुदमिला, टोपी कुठंय माझी? निघालो आपण.

लुदमिला: डोक्यावर आहे, नोनो.

ओलिंदो: ती तिथंच राहील! आमच्या घराण्यात चार पिढ्यांत कुणी त्या गोळीच्या कागदाला हात लावलेला नाही.

लुदमिला: नोनो त्यांच्या खुणेला गोळीचा कागद म्हणतो. दोन्हीकडून पीळ दिलेला.

मिर्ता: आणि एर्मेस तुमच्या खुणेला अंडं म्हणतो. मला सगळं माहीत आहे, बाळ. मी दोघांनाही ऑइल फिल्टर विकते.

ओलिंदो: माझ्या भावानं शेव्हर्लेवाल्यांची मुलगी केली, तर माझ्या आईनं लग्नाला दोन वेगळी टेबलं मांडली होती. आणि मी फाल्कनच्या चाकात तो कागद बसवू? आईच्या थडग्यावर फुलं घेऊन कुठल्या तोंडानं जाऊ? हा घे तुझा भोपळा. आभारी आहे.

मिर्ता: आभार मानले? भोपळा परत देताना आभार मानले की पुरे झालं, असं समजतात. म्हणजे आता चहासुद्धा नको? बरेच रागावलात की.

लुदमिला: मावशी, पण जाड कशाला लागते? चाळणी हलकी आहे. हलकी गाडी पटकन थांबत नाही का?

मिर्ता: शाबास, असं विचारावं. सांग बघू, रविवारी तुमच्याकडं अंगणात कोंबडी कशात शिजवतात?

लुदमिला: नांगराच्या जुन्या डिस्कवर. खाली लाकडं.

मिर्ता: पातळ पत्र्यावर का नाही शिजवत?

लुदमिला: कांदा करपतो. एका जागी काळा, दुसऱ्या जागी कच्चा.

मिर्ता: तसंच इथं. गाडी धावते तेव्हा तिच्या अंगात जोर असतो. ब्रेक दाबलास की तो जोर कुठं जात नाही, त्याची उष्णता होते. ती सगळी हिनं पोटात घ्यायची आणि हळूहळू वाऱ्याला द्यायची. आपला उतार किती लांब? अर्धा तास नुसतं खाली. पातळ डिस्क तापून लाल होते, आणि भोकं असली की भोकाच्या कडेपासून तडा जातो. गावच्या चौकात काही होत नाही. कॉन्डॉरच्या वळणावर होतं.

ओलिंदो: तिला घाबरवू नकोस.

मिर्ता: मी तिला शिकवतेय. घाबरवायचं ते तुम्हाला. लुदमिला, ती नवी जाड डिस्क मधल्या भोकातून या दोरीला अडकव. हं. आता या छोट्या हातोडीनं हळूच टोला दे.

लुदमिला: घंटेसारखी वाजली! अजून वाजतेय. अजून... चर्चमधल्यासारखी.

मिर्ता: म्हणजे अंगात कुठं तडा नाही. तडा असता तर मातीच्या फुटक्या मडक्यासारखी वाजली असती. नवी घेताना नेहमी वाजवून घ्यायची. दुकानदार ओळखीचा असला तरी.

ओलिंदो: शेव्हर्लेची घंटा आहे. तिच्यात एक सूर कमीच असणार.

मिर्ता: कान तुमचे जुने झालेत. बरं, आता तुमची थाळी मोजू. काठाला लोखंडाचा कंगोरा राहिलाय, झिजला नाही तो. हा मापाचा कॅलिपर नुसता लावला तर खोटं माप येईल. म्हणून आत दोन नाणी धरायची, एक या बाजूला, एक त्या बाजूला. मग नाण्यांची जाडी वजा करायची.

लुदमिला: ही पेसोची घेऊ?

मिर्ता: घे. आता ती एवढ्याच कामाची उरलीत.

लुदमिला: सत्तावीस पूर्णांक एक मिलिमीटर. नाणी दोन-दोनची, म्हणजे चार वजा. तेवीस पूर्णांक एक.

मिर्ता: आणि काठावर आकडा कोरलाय, याच्या खाली वापरू नये म्हणून. तारेचा ब्रश घेऊन घास आणि वाच.

लुदमिला: चोवीस. म्हणजे ही संपली.

ओलिंदो: एक मिलिमीटरनं काय होतं? एवढा तर माझ्या नखाखालचा मळ आहे.

लुदमिला: आई म्हणेल, नाही म्हणजे नाही. थांब, आता चाळणी मोजते. ही नवीच आहे, नाणी नकोत. बावीस. नोनो?

ओलिंदो: काय?

लुदमिला: ही कोरी करकरीत आहे आणि बावीस आहे. आपली झिजून संपली, तरी तेवीस आहे. आपली एवढी जाड कशी?

ओलिंदो: सांगितलं ना, फोर्डचं जुनं लोखंड. पूर्वी माणसं मनापासून बनवायची. विचार मिर्ताला.

मिर्ता: मला काही विचारू नका. मी चहाचं पाणी बघते.

लुदमिला: मधला भाग पण घासू? काळा रंग लावलाय कुणीतरी. रॉकेल दे ना मावशी.

मिर्ता: कशाला उगाच हात घाण करतेस? राहू दे.

ओलिंदो: घासू दे तिला. बघू दे जरा, फोर्डची खूण कशी असते ती. आजकालच्या पोरांना खोक्यावरचे कागद तेवढे माहीत.

मिर्ता: ओलिंदो, मी सांगते, राहू दे.

ओलिंदो: घास, बाळ. जोर लाव.

लुदमिला: नोनो, चाकाला बोल्ट किती असतात?

ओलिंदो: पाच. रोज बघतेस.

लुदमिला: मग डिस्कला दहा भोकं कशी? पाच वापरलेली आणि मधे मधे पाच रिकामी. रंगानं बुजवली होती. आणि इथं खूणही आहे. नोनो... गोळीचा कागद आहे.

ओलिंदो: काय?

लुदमिला: दोन्हीकडून पीळ दिलेला.

ओलिंदो: चष्मा. माझा चष्मा कुठं... सरक जरा. मिर्ता! कुणीतरी माझी डिस्क चोरली आणि ही बसवली. रात्रीतून!

मिर्ता: चोरानं आधी जॅक लावून चाक काढलं, लेथवर भोकं पाडली, रंग दिला, आणि मग बारा वर्षं ती तुमच्याकडून झिजवून घेतली. मोठा चिकाटीचा चोर.

ओलिंदो: बारा वर्षं?

मिर्ता: बसा. तुम्ही त्या पेटीवर बसा आधी. बारा वर्षांपूर्वीची शर्यत आठवते? तुम्ही बक्षीस घेतलंत आणि सगळे मिळून घरी उतरत होतात.

ओलिंदो: त्या दिवशी ब्रेक जरा मऊ झाले होते. मी गिअर टाकून थांबवली.

मिर्ता: पेडल तळाला टेकलं होतं, ओलिंदो. कठड्याला घासत गाडी थांबली. मागच्या सीटवर हिची आई, तुमची व्हिविआना, होती, सहा महिन्यांची पोटुशी.

लुदमिला: पोटुशी म्हणजे पोटात मी? मी तेव्हा गाडीत होते?

मिर्ता: होतीस. तिकीट न काढता.

ओलिंदो: नेलिदा एक शब्द बोलली नाही मला त्या रात्री. मी म्हटलं, वा, बायको असावी तर अशी.

मिर्ता: दुसऱ्या दिवशी मी दुकान उघडायला आले तर ती पायरीवर बसलेली. म्हणाली, मिर्ता, तुझ्याकडं असेल ती सगळ्यात चांगली डिस्क दे. मी म्हटलं, उताराला सगळ्यात चांगली आहे ती गोळीवाल्यांच्या पिकअपची. नवरा घरात घेणार नाही तुला. ती म्हणाली, दरी काय टोपी बघून गिळते का? काढ ती.

ओलिंदो: बारा वर्षं! बारा वर्षं मी शेव्हर्लेवर ब्रेक मारतोय!

मिर्ता: आणि थांबताय.

लुदमिला: राणीसारखी थांबायची, असं तू मघाशीच म्हणालास, नोनो.

ओलिंदो: तू गप्प बस. गावात कुणाकुणाला माहीत आहे हे?

मिर्ता: मला. व्हिविआनाला. आणि ज्यानं भोकं पाडली त्याला.

ओलिंदो: गावात लेथ एकच आहे.

मिर्ता: एकच आहे.

ओलिंदो: नाही.

मिर्ता: हो.

लुदमिला: कुणाची? एर्मेसकाकांची? ज्यांना तू ‘दोन नंबरी’ म्हणतोस?

ओलिंदो: तो दर वर्षी माझ्या मागून यायचा. दर वर्षी दुसरा! आणि मी बक्षीस घेताना सगळ्यांसमोर त्याला विचारायचो, काय रे, तुझ्या गाडीला ब्रेक आहेत की नुसती प्रार्थना? आणि तो हसायचा. मला वाटायचं, ओशाळून हसतोय.

मिर्ता: ओशाळून नाही.

ओलिंदो: एक शब्द जरी बोलला असता, तर मी गावात तोंड दाखवलं नसतं. का नाही बोलला?

मिर्ता: नेलिदानं शब्द घेतला होता त्याच्याकडून. आणि भोकं पाडली तेव्हा त्यानं एक गोष्ट मागितली. म्हणाला, शर्यतीच्या आदल्या दिवशी दर वर्षी मला एकदा तपासू दे. तुझ्या नवऱ्याला मला हरवायचंय, पुरायचं नाही.

ओलिंदो: शर्यतीच्या आदल्या दिवशी ती गाडी घेऊन बाहेर जायची. पेट्रोल भरायला म्हणून.

मिर्ता: तीन तास पेट्रोल भरायला?

ओलिंदो: मला वाटायचं, वाटेत तुझ्याकडं गप्पा मारत बसते.

लुदमिला: नोनो, मग एर्मेसकाकांशी तू बोलत का नाहीस?

ओलिंदो: कारण आहे. तुझ्या नोनाच्या अंत्यविधीला तो गोळीची टोपी घालून आला होता. सगळ्या गावासमोर, चर्चच्या दारात. मी त्याला हाताला धरून बाहेर काढलं. त्या दिवसापासून नाही बोललो.

मिर्ता: ती टोपी घालायला नेलिदानंच सांगितलं होतं.

ओलिंदो: काय सांगितलं होतं?

मिर्ता: दवाखान्यात. शेवटच्या आठवड्यात. मी तिथंच होते. म्हणाली, एर्मेस, तू टोपी घालून ये. त्या दिवशी ओलिंदोला कुणावर तरी चिडायला लागेल. नाहीतर तो उभा राहायचा नाही.

लुदमिला: नोनो? टोपी का काढलीस?

ओलिंदो: उकडतंय.

लुदमिला: बाहेर दंव पडलंय.

ओलिंदो: तरी उकडतंय. मिर्ता, चहा आहे का अजून?

मिर्ता: आहे. आभार मानू नका म्हणजे मिळत राहील. मग, काय ठरलं? चाळणी, तीन आठवडे, की खालची फळी?

ओलिंदो: खालच्या फळीवरच्या दोन्ही काढ. पण त्या खुणेवर काळा रंग दे.

मिर्ता: नेलिदानंही हेच सांगितलं होतं. हा घ्या रंग, तुम्हीच द्या.

ओलिंदो: आणि लेथवर तू पाठव कुणाच्या तरी हाती.

मिर्ता: दुकानात मी एकटी. गुडघा असा. कुणाला पाठवू?

ओलिंदो: मग फोन कर त्याला. म्हणावं, येऊन घेऊन जा.

मिर्ता: फोन तिकडं भिंतीवर आहे. तुम्ही करा.

ओलिंदो: मी? मी काय म्हणू? दोन वर्षांनी फोन करून म्हणू, एर्मेस, ब्रेकच्या भोकांचं काम आहे? तो फोन ठेवून देईल.

मिर्ता: तुम्ही असता तर ठेवला असता.

ओलिंदो: तू नेहमी त्याचीच बाजू घेतेस. आजवर घेत आलीस. माझ्या डिस्कला दहा भोकं आणि माझ्या बाजूनं एक माणूस नाही!

मिर्ता: तुमच्या बाजूनं एवढी माणसं आहेत, ओलिंदो, की तुम्हाला पत्तासुद्धा लागला नाही.

ओलिंदो: ते असू दे. पण दारात उभा राहून पहिला शब्द कुठला काढू, ते सांग.

मिर्ता: शब्द नकोच. डिस्क पुढं करा. तो टोला देऊन बघेल, घंटा वाजेल. तेवढं बोलणं पुष्कळ झालं.

ओलिंदो: लुदमिला, तू काय म्हणतेस? तू सांग, जाऊ का मी... लुदमिला? कुठं गेली ही?

मिर्ता: फोन कुणी करायचा यावरून आपण भांडत होतो तेव्हाच गेली. त्या खिडकीतून बघा. ती बघा, लेथच्या वाटेनं चर्चपाशी पोचलीसुद्धा. डिस्क पोटाशी धरलीय आणि बदकासारखी चाललीय.

ओलिंदो: अगं, केवढ्या जड आहेत त्या! दोन दोन कशा उचलल्या पोरीनं?

मिर्ता: दोन नाही. एकच नेलीय.

ओलिंदो: एकीचं काय करायचं? पुढची चाकं दोन आहेत.

मिर्ता: तिला मोजता येतं, ओलिंदो. आत्ताच पाहिलंत तुम्ही.

ओलिंदो: हं.

मिर्ता: ‘हं’ काय?

ओलिंदो: हं म्हणजे हं. माझी टोपी कुठंय?

मिर्ता: दुसऱ्या डिस्कवर ठेवून गेलीय.